अवयव अनेक, आजार एक



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते जनरल प्रॅक्टिशनर होते. त्यांच्या दवाखान्याच्या पाटीवर कुठल्याही अवयवाचं नाव नव्हतं. आजचा विषय मी त्यासाठीच निवडला. मधुमेहावर बोललो असतो तर मागच्या खुर्च्याही भरल्या असत्या, आणि कार्यवाहांनी तसं अगदी सौजन्याने सुचवूनही पाहिलं. पण मधुमेहावर बोलणारे पुष्कळ आहेत.

१९५५ साली अमेरिकेतल्या शल्यचिकित्सेच्या एका नियतकालिकात एक लेख आला. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी ज्याच्या निकामी झाल्या आहेत, अशा माणसावर मोठी शस्त्रक्रिया करायची तर काय काळजी घ्यावी, हा त्याचा विषय. त्यातल्या रुग्णांमध्ये एक सदतीस वर्षांचा पुरुष होता. त्याला सात वर्षं ॲडिसनचा आजार होता आणि पाठीच्या दुखण्यासाठी ऑक्टोबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. रिवाजाप्रमाणे नाव छापलेलं नव्हतं. ते नाव जॉन फिट्झजेराल्ड केनेडी. पुढच्या सहा वर्षांत हा माणूस अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

केनेडींचा आजार सापडला १९४७ मध्ये, लंडनमध्ये. हा तरुण वर्षभरही काढणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या परिचितांना सांगितलं होतं. अमेरिकेला परतताना ‘क्वीन मेरी’ बोटीवर कॅथलिक धर्मातला शेवटच्या घटकेचा विधीही उरकण्यात आला. ते वाचले, कारण ॲड्रिनल ग्रंथी जे संप्रेरक बनवते त्याचा एक प्रकार तोवर प्रयोगशाळेत तयार होऊ लागला होता. त्याच्या छोट्या वड्या त्यांच्या मांडीत कातडीखाली बसवत. पुढे कॉर्टिसोनच्या गोळ्या आल्या. मग १९५५ च्या सुमारास थायरॉइडही मंद असल्याचं लक्षात आलं. पोटाची तक्रार तर लहानपणापासूनची: कळा, जुलाब, वजन न वाढणं. बहीण युनिस, तिलाही ॲडिसन. मुलगा जॉन, त्यालाही पुढे थायरॉइडचा आजार, पण उलट्या बाजूचा, ग्रंथी जास्त काम करणारा.

आता सांगा, हे किती आजार झाले? ॲड्रिनल एक, थायरॉइड दोन, आतडी तीन? की हा एकच आजार होता आणि तो वेगवेगळ्या दारांतून आत येत होता?

२००९ मध्ये ली मँडेल या अमेरिकी नौदलाच्या डॉक्टरांनी केनेडींची कागदपत्रं चाळून मत मांडलं की हा एकच आजार असावा. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच एकाहून अधिक ग्रंथींवर उलटते, त्यातला हा प्रकार. १९२६ मध्ये श्मिट या जर्मन डॉक्टरांनी ॲड्रिनल आणि थायरॉइड एकत्र बिघडलेले दोन रुग्ण नोंदवले होते, त्यांच्याच पंक्तीतले केनेडी. आतड्यांचं दुखणं सेलियाक असावं, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे चेतणारा त्याच कुळातला आजार असावा, असाही काही तज्ज्ञांचा कयास आहे. तो सिद्ध झालेला नाही आणि आता होणारही नाही.

एक गंमत सांगतो. १९६० च्या निवडणुकीत पक्षातल्याच प्रतिस्पर्ध्यांच्या गोटातून आवाज उठला की केनेडींना ॲडिसन आहे. केनेडींच्या बाजूने खुलासा आला की ज्याला परंपरेने ॲडिसनचा आजार म्हणतात, म्हणजे क्षयाने ॲड्रिनल ग्रंथी नष्ट होणं, तो त्यांना नाही. वकिली भाषेचा हा उत्तम नमुना आहे. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये लंडनला जे रुग्ण वर्णिले, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या ग्रंथी खरोखरच क्षयाने खाल्ल्या होत्या. केनेडींना क्षय नव्हता. म्हणजे खुलासा अक्षरशः खरा, आणि तरी खोटा! त्यांच्या ग्रंथी जंतूंनी नष्ट केल्या नव्हत्या, त्यांच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी केल्या होत्या. शवविच्छेदन करणाऱ्यांनी पुष्कळ वर्षांनी कबूल केलं की डोळ्यांना दिसेल अशी ॲड्रिनल ग्रंथी तिथे शिल्लकच नव्हती.

पण केनेडींची गोष्ट मी राजकारणासाठी सांगत नाही. सांगतो ती त्यांच्या डॉक्टरांसाठी. जगातल्या सर्वांत शक्तिमान माणसाकडे डॉक्टर किती असतील? ग्रंथींसाठी एक. पाठीच्या स्नायूंत बधिर करणारी इंजेक्शनं देणाऱ्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल. नौदलाचे डॉक्टर बर्कली. व्यायाम करून घेणारे हॅन्स क्राउस. आणि या साऱ्यांच्या पाठीमागे ॲम्फेटामिनमिश्रित इंजेक्शनं टोचणारा मॅक्स जेकबसन, ज्याचा परवाना पुढे रद्द झाला. यातल्या काहींचं एकमेकांशी पटत नव्हतं. क्राउस यांनी अट घातली की पाठीतली इंजेक्शनं थांबवाल तरच मी उपचार करीन. मंडळी, राष्ट्राध्यक्षाचं शरीरसुद्धा असं वाटून घेतलं गेलं होतं. प्रत्येकाकडे एक तुकडा, आणि अख्खा माणूस कोणाकडेच नाही. मग आपल्याकडच्या एखाद्या बाईचं काय होत असेल? तिच्याकडे मी येणारच आहे. त्याआधी प्रतिकारयंत्रणेचं हे उलटणं म्हणजे काय, ते समजून घेऊ.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पॉल एर्लिख हे जर्मन शास्त्रज्ञ बकऱ्यांवर प्रयोग करत होते. एका बकरीचं रक्त दुसरीला टोचलं की दुसरी त्या परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार करी. स्वतःच्या रक्ताविरुद्ध मात्र कधीच नाही. एर्लिख यांनी निष्कर्ष काढला की शरीर स्वतःवर विष ओतायला कचरतं, तशी सोयच त्याच्यात आहे. निष्कर्ष अर्धा बरोबर होता. अशी सोय आहे. ती कधी मोडतच नाही, हे मात्र एर्लिख यांच्या दराऱ्यामुळे लोकांनी गृहीत धरलं. १९०४ मध्येच डोनाथ आणि लँडस्टाइनर यांनी व्हिएन्नात दाखवून दिलं होतं की काही रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडणारं प्रतिपिंड असतं, थंडी लागली की ते चिकटतं आणि लघवी लाल होते. पुरावा समोर होता. कोणी पाहिला? फारसं कोणी नाही. थोर माणसाचं वाक्य पुराव्याच्या आड किती काळ उभं राहू शकतं, याचं उत्तर या प्रकरणात आहे: सुमारे पन्नास वर्षं.

ती पन्नास वर्षं संपली १९५६ मध्ये. अमेरिकेत बफलो इथे नोएल रोज या तरुण संशोधकाने सशाच्याच थायरॉइडचा अर्क सशाला टोचला आणि सशाने स्वतःच्या थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंडं केली. ग्रंथीही बिघडली. रोज यांचे वरिष्ठ विटेब्स्की हे एर्लिख यांच्याच परंपरेतले. त्यांचा त्यावर सहजी विश्वास बसेना. त्याच वर्षी लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट आणि सहकाऱ्यांना माणसांच्या रक्तात तेच सापडलं. ज्या आजारात ते सापडलं, त्याचं वर्णन हाशिमोतो या जपानी शल्यविशारदाने १९१२ मध्येच करून ठेवलं होतं. आज आपल्या घरांत जी ‘थायरॉइडची गोळी’ सकाळी उपाशीपोटी घेतली जाते, ती घेणाऱ्या पुष्कळ जणींचा मूळ आजार हाशिमोतोंचाच असतो. तो ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटल्याने झालेला आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. सांगून गोळी बदलणार नसते, हेही खरं.

पण एका ग्रंथीवर यंत्रणा उलटली, हे कळलं. एकाच माणसात अनेक अवयवांवर ती का उलटते?

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी मोठी असते, वयाबरोबर वितळत जाते. टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे तयार होऊन बाहेर पडतात. नव्या रखवालदाराला कामावर घेण्याआधी सोसायटीतल्या सगळ्या रहिवाशांचे फोटो दाखवावेत, आणि जो त्यातल्या एकावरही काठी उगारील त्याला तिथूनच घरी पाठवावं, तसा प्रकार थायमसमध्ये चालतो. इन्सुलिन बनतं स्वादुपिंडात, पण त्याचा नमुना थायमसमध्ये दाखवला जातो. थायरॉइडचा, ॲड्रिनलचा, कातडीचा, सगळ्यांचे नमुने तिथे दाखवले जातात. हे नमुने मांडण्याचं काम करणारं एक जनुक १९९७ मध्ये सापडलं, त्याला ‘एअर’ म्हणतात. ते बिघडलं की अनेक नमुने गायब होतात. मग असे रखवालदार कामावर लागतात ज्यांनी काही रहिवाशांना कधी पाहिलेलंच नाही. या बिघाडाची मुलं फिनलंडमध्ये, सार्डिनिया बेटावर आणि इराणी ज्यूंमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतात. आधी तोंडात वारंवार बुरशी, मग कॅल्शियम सांभाळणारी पॅराथायरॉइड ग्रंथी, मग ॲड्रिनल. एकामागून एक, वर्षांच्या अंतराने. दर वेळी वाटतं, आता हा नवीनच आजार झाला.

थायमसची चाळणी काही परिपूर्ण नसते. तुमच्या-माझ्या रक्तात आत्ता, या सभागृहात, स्वतःवर उलटू शकणाऱ्या पेशी फिरत आहेत. तरी आपण ठीक आहोत. का? कारण त्यांना आवरणाऱ्या दुसऱ्या पेशी आहेत. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवल्या, तेव्हा बहुतेकांनी तो विषय सोडून दिला होता. २००१ मध्ये मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्या पेशींमागचं जनुक शोधलं. ते बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, जुलाब आणि इसब एकदम होतात. या तिघांना २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. लढणाऱ्या पेशींना मानसन्मान फार आधीपासून मिळत आले. आवरणाऱ्यांची पाळी आत्ता आली.

केनेडींच्या प्रकारात असं एकाच जनुकाकडे बोट दाखवता येत नाही. अनेक जनुकं थोडा थोडा कल देतात, बाकी परिस्थिती आणि नशीब. म्हणून अशा घरांत एकाला ॲडिसन, दुसरीला थायरॉइड, तिसऱ्याला कोड, चौथीला लहानपणीचा मधुमेह असं दिसतं. आपण घरगुती इतिहास विचारताना फक्त ‘कोणाला बीपी-शुगर?’ एवढंच विचारतो.

आता दुसरा प्रकार, आणि माझ्या मते जास्त अवघड. त्याचं नाव ल्युपस. यात अवयव वेगवेगळे निवडले जात नाहीत. प्रतिपिंडं तयार होतात ती पेशीच्या केंद्रकातल्या मालाविरुद्ध, डीएनएविरुद्ध. केंद्रक कुठे नसतं? तांबड्या पेशी सोडल्या तर जवळजवळ सगळीकडे असतं. ही प्रतिपिंडं त्या मालाशी बांधली जाऊन जी गाठोडी होतात, ती मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्यांत अडकतात, कातडीत, सांध्यांत, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात साचतात, आणि जिथे साचतात तिथे दाह पेटतो. हृदयावरचं आणि फुप्फुसांवरचं आवरण सुजतं, रक्तातल्या पेशी कमी होतात, कधी मेंदूवर परिणाम होऊन फिट येते किंवा माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. आणि हा आजार गाठतो प्रामुख्याने कोणाला? ऐन उमेदीतल्या स्त्रियांना. मूल होण्याच्या वयात दर दहा रुग्णांत नऊ स्त्रिया.

हा आजार आधी त्वचारोगाच्या डॉक्टरांच्या ताब्यात होता. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे काझनाव, व्हिएन्नाचे हेब्रा यांनी चेहऱ्यावरच्या चट्ट्याची वर्णनं केली. दोन्ही गालांवर पसरून नाकावर जुळणारा तो चट्टा हेब्रांना फुलपाखरासारखा दिसला. १८७२ मध्ये हेब्रांचे जावई कापोझी यांनी लिहिलं की यातल्या काहींना ताप येतो, सांधे धरतात आणि काही जण मरतात. कातडीचा रोग, आणि मरतात? मग बाल्टिमोरचे विल्यम ऑस्लर यांनी १८९५ ते १९०४ या काळात तीन निबंध लिहून दाखवलं की कातडीवर चट्टे असलेल्या या रुग्णांच्या मूत्रपिंडांत, हृदयात, सांध्यांत काय काय चालू असतं. ऑस्लर यांच्या सगळ्या रुग्णांना आजच्या व्याख्येतला ल्युपस नव्हता. पण त्यांनी एका माणसाचे सगळे अवयव एका टेबलावर मांडले, आणि मला ते त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं.

आता आपल्या बाईकडे येऊ. ती मी रचलेली आहे, पण हॉलमध्ये डॉक्टर बसले आहेत त्यांनी मान हलवली तर मला आश्चर्य वाटणार नाही. समजा, ती बार्शीकडची एक सव्वीस वर्षांची शिक्षिका. सकाळी उठल्यावर बोटं आखडतात. हाडांचे डॉक्टर म्हणतात, कॅल्शियम कमी आहे. केस मूठमूठ गळतात. सगळ्याच बायकांचे गळतात. गालावर काळसर डाग येतो. इथे थांबतो. पाठ्यपुस्तकातलं ते लाल फुलपाखरू गोऱ्या गालावर काढलेलं आहे. गव्हाळ-सावळ्या कातडीवर ते लाल दिसेलच असं नाही, ते जांभळट किंवा काळपट दिसतं, आणि घरातल्या बायका म्हणतात, वांग आलाय. मेडिकलवाला एक क्रीम देतो. त्या क्रीममध्ये पुष्कळदा स्टिरॉइड असतं, म्हणून डाग काही दिवस फिका पडतो आणि निदान आणखी लांबतं. उन्हात गेलं की त्रास वाढतो. ते ल्युपसचं मोठं लक्षण आहे, पण उन्हात आपल्याकडे कोणाला बरं वाटतं?

मग बारीक ताप सुरू होतो, महिना-महिना. वजन उतरतं. छातीत पाणी होतं. आपल्याकडे ताप, वजन आणि छातीत पाणी म्हटलं की पहिला शब्द टीबी, आणि तो यावाच. आपला देशच तसा आहे. पण टीबीची औषधं पोटात जात राहतात आणि ताप उतरत नाही, तेव्हा दुसरा शब्द कोणी उच्चारायचा? आणखी गुंता असा की ल्युपसच्या रुग्णाला स्टिरॉइड दिल्यावर झोपलेला टीबी जागा होऊ शकतो. म्हणजे दोन्ही खरे असू शकतात, एकाच बाईत, एकाच वर्षात.

मग लग्न. मग गर्भपात. एक, दोन, तीन. लंडनचे ग्रॅहम ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ च्या सुमारास दाखवलं की काही स्त्रियांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात ज्यांनी रक्त गोठण्याकडे कल वाढतो. वारेतलं रक्त गोठतं आणि गर्भ राहत नाही. ल्युपसबरोबर हे बऱ्याचदा दिसतं, ल्युपसशिवायही दिसतं. निदान झालं तर लहान मात्रेतली ॲस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं यांवर अशा पुष्कळ स्त्रियांचं बाळंतपण सुखरूप पार पडतं. निदान झालं नाही तर? तर नवस, अंगारे आणि सासरचे टोमणे. सून ‘पांढऱ्या पायाची’ ठरते. एका रक्ततपासणीअभावी किती संसार मोडले असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही आणि कोणी करणारही नाही.

असे आजार घरात लपवलेही जातात; ही लपवाछपवी आपल्याकडेच आहे, असं मात्र समजू नका. फ्लॅनरी ओ’कॉनर ही अमेरिकेतली मोठी कथाकार. वडील १९४१ मध्ये ल्युपसने गेले. हिला पंचविशीत तोच आजार झाला तेव्हा आईने तिला संधिवात सांगितला. खरं नाव तिला कळलं १९५२ मध्ये, तेही एका मैत्रिणीकडून. जॉर्जियातल्या शेतावर मोर पाळत आणि कथा लिहीत ती १९६४ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेली.

आपल्या बाईच्या हातात आता प्लास्टिकच्या पिशवीत पाच फायली आहेत. हाडांची, कातडीची, छातीची, बाळंतपणाची, आणि शेवटी पायांवर सूज आली म्हणून मूत्रपिंडाची. पाचही डॉक्टर चांगले आहेत, हे मी ठासून सांगतो. प्रत्येकाने आपल्या अवयवापुरतं बरोबर काम केलं. दोष कोणा एकाचा नाही, म्हणून तर तो दुरुस्त होत नाही.

मला विचाराल तर या साऱ्या प्रवासात एक तपासणी अशी होती की जिच्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणीही जायला नको होतं. लघवीची. साधी, स्वस्त, तालुक्याच्या प्रयोगशाळेत होणारी. ल्युपसच्या साधारण निम्म्या रुग्णांत केव्हा ना केव्हा मूत्रपिंडाला झळ पोचते, आणि ती पोचते तेव्हा दुखत नाही. लघवीत प्रथिन जाऊ लागतं, तांबड्या पेशी दिसतात, एवढंच. पायावर सूज येईपर्यंत थांबलं तर पुष्कळ उशीर झालेला असतो. तरुण बाई, सांधे दुखतात, ताप आहे, डाग आहे, केस जातात. अशा बाईची लघवी तपासली नाही तर तिची तपासणी झाली असं मी मानत नाही.

याच्या उलट टोकाची गोष्ट म्हणजे एएनए नावाची रक्ततपासणी. आता ती शहरांत ‘पॅकेज’मध्ये सर्रास केली जाते. ती जवळजवळ प्रत्येक ल्युपस रुग्णात पॉझिटिव्ह येते. पण कमी पातळीवर ती धडधाकट माणसांतही येते, शंभरांत दहा-पंधरा जणांत सहज. म्हणून नुसता कागद पॉझिटिव्ह आला म्हणजे आजार झाला असं नाही. रात्रभर इंटरनेटवर वाचत बसून सकाळी रडत येणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. कागदाला ल्युपस होत नाही, माणसाला होतो.

आता उपचारांकडे, थोडक्यात. मिनेसोटातल्या रॉचेस्टरमध्ये, मेयो क्लिनिकमध्ये, १९४८ हे एकच वर्ष फार मोठं ठरलं. हारग्रेव्ह्ज यांना ल्युपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळलेल्या पेशी दिसल्या, आणि हा आजार प्रयोगशाळेत ओळखता येऊ लागला. त्याच वर्षी फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला केंडॉल यांनी शोधलेलं कॉर्टिसोन दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. त्या काळी ल्युपसचं निदान झालेले निम्मे रुग्ण चार-पाच वर्षांत दगावत. आज नीट उपचार मिळालेल्यांत पाच वर्षांनी नव्वद टक्क्यांहून अधिक जिवंत असतात.

पण कॉर्टिसोन म्हणजे स्टिरॉइड, आणि स्टिरॉइडबद्दल दोन गोष्टी ऐकून जा. आपल्याकडे याबाबत दोन टोकं आहेत. एक टोक भीतीचं: ‘स्टिरॉइड आहे, नको.’ दुसरं टोक अज्ञानाचं: सांधेदुखीवर कोणा भोंदूने दिलेल्या पुड्या, ज्यात स्टिरॉइड मिसळलेलं असतं आणि खाणाऱ्याला ठाऊक नसतं. दोन्ही टोकं एका ठिकाणी येऊन मिळतात. बाहेरून स्टिरॉइड महिनोन् महिने मिळत राहिलं की स्वतःच्या ॲड्रिनल ग्रंथी झोपी जातात. मग घाबरून एक दिवस गोळी एकदम बंद केली, किंवा पुडीवाला गाव सोडून गेला, की त्या माणसाची अवस्था केनेडींसारखी होते. रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, जीव जाऊ शकतो. कमी करायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरी पायरीने. एकदम कधीही नाही.

आणि हे ‘इम्युनिटी वाढवा’ प्रकरण! करोनानंतर काढ्यांपासून बिस्किटांपर्यंत सगळ्यांवर ते लिहिलेलं दिसतं. ल्युपसच्या बाईची प्रतिकारशक्ती कमी नाही हो, ती दिशा चुकलेली आहे. ती वाढवून काय साधणार?

ल्युपसचं सगळ्यात साधं आणि माझ्या मते सगळ्यात उपकारक औषध आहे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. ते मलेरियाच्या औषधांच्या घराण्यातलं. १८९४ मध्ये लंडनच्या पेन यांनी ल्युपसला क्विनाइन देऊन पाहिलं होतं. दुसऱ्या महायुद्धात मलेरिया टाळण्यासाठी सैनिकांना दिलेल्या गोळ्यांनी काहींचे चट्टे आणि सांधे सुधारले, आणि १९५० च्या दशकात आजची गोळी आली. ती स्वस्त आहे, गरोदरपणातही चालते, फक्त डोळ्यांचा पडदा वेळोवेळी तपासून घ्यावा लागतो. मार्च २०२० आठवा. ही गोळी करोनावर चालते अशी आवई उठली आणि लोकांनी दुकानं रिकामी केली. वर्षानुवर्षं ती घेणाऱ्या बायका पुण्या-मुंबईत दुकानोदुकानी फिरत होत्या. सरकारला विक्रीवर निर्बंध घालावे लागले. त्या गोळीच्या सर्वांत मोठ्या उत्पादकांपैकी आपला देश, आणि आपल्याच रुग्णांना ती मिळेना. पुढे मोठ्या चाचण्यांत दिसलं की करोनावर तिचा उपयोग नाही.

नवी औषधं येत आहेत. २०११ मध्ये बेलिमुमॅबला अमेरिकेत मंजुरी मिळाली, खास ल्युपससाठी असं औषध अर्ध्या शतकाहून अधिक काळाने आलं. त्याहून धाडसी प्रयोग जर्मनीत एर्लांगेनला झाला. गंभीर ल्युपस असलेल्या एका वीस वर्षांच्या मुलीच्या टी पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून, त्या परत तिच्या शरीरात सोडल्या. त्यांनी प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींचा फडशा पाडला. २०२२ मध्ये अशा पाच रुग्णांचा अहवाल आला, पाचही जणांचा आजार शमला होता आणि औषधं बंद झाली होती. पाच हा आकडा लहान आहे, हे विसरू नका. पण आपल्यासाठी एक दुवा आहे. याच तत्त्वावरचा उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या मंडळींनी देशात तयार केला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला रक्ताच्या काही कर्करोगांसाठी मान्यता मिळाली. ल्युपससाठी अजून नाही. खर्च परदेशाच्या मानाने पुष्कळ कमी, तरी लाखांतच.

बार्शीच्या बाईला मात्र आज जे हवं आहे ते लाखांचं नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला आपण फ्लेमिंगो बघायला जातो. त्याच भिगवणमध्ये १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोपडा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. आमवात दर दोनशे प्रौढांत सुमारे एकाला निघाला. आमवातही नुसता सांध्यांचा नसतो, तो फुप्फुसांत आणि डोळ्यांतही शिरतो. ही माणसं दवाखान्यात आलेली नव्हती, ती घरी होती. गावागावांत ती आजही घरीच आहेत. संधिवाततज्ज्ञ बहुतेक सगळे मोठ्या शहरांत. अशा वेळी पाची फायली एका टेबलावर मांडणारं माणूस गावाच्या जवळ कोण आहे? जनरल प्रॅक्टिशनर. ज्यांच्या नावाने आज आपण जमलो आहोत, त्यांचाच व्यवसाय. या व्यवसायाला वैद्यकीय शिक्षणात आपण शेवटच्या बाकावर बसवलं, ही माझी स्पष्ट तक्रार आहे.

समोर बसलेल्या तरुण डॉक्टरांना माझी विनंती आहे: दोन अवयवांची तक्रार घेऊन तरुण बाई आली, तर दोन चिठ्ठ्या लिहिण्याआधी तिसऱ्या अवयवाची चौकशी करा, आणि लघवी तपासा. बाकीच्यांना विनंती अशी की घरात असा रुग्ण असेल तर एकच वही ठेवा. तीत प्रत्येक डॉक्टरचं नाव, प्रत्येक औषध, त्याची मात्रा, सुरू केल्याची तारीख लिहा, आणि ती प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर न विचारता उघडून ठेवा. स्टिरॉइड चालू असेल तर पहिल्या पानावर लाल शाईने लिहा. अपघात झाला, शस्त्रक्रिया ठरली, तर तेच पान आधी दाखवा.

प्रश्नांसाठी कार्यवाहांनी अर्धा तास ठेवला आहे. स्वतःच्या आजाराबद्दल चारचौघांत विचारायचं नसेल, तर चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवा, नाव लिहायची गरज नाही.